उंच मारिन

राखेलिसमावशी आमच्या शेजारची. दोन घरांमधली भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की तिकडे तिचे नवरे, पासिसकाका, शिंकले तर इकडे माझी आई त्यांना आशीर्वाद द्यायची. नात्यानं ती माझी कुणी नव्हती, पण मी मावशी म्हणायचे. आमची सगळी आळीच कुंभारांची, गावाच्या खालच्या अंगाला, कालव्याला लागून. द्राक्षमळ्यांना लागणारे रांजण इथूनच जात. माती मळायची, चाक फिरवायचं, भट्टी लावायची हे काम पासिसकाकांचं. विकायचं काम मावशीचं, कारण आवाज तिचा होता. समोर ग्रीक असो, मिसरी असो की आपल्यातला यहुदी, मावशी रांजणावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "ऐक. ऐक, कसा बोलतोय! तुझ्या बायकोपेक्षा गोड बोलतोय." माणूस हसायचा आणि दोनाच्या जागी तीन रांजण घेऊन जायचा.

मारिन ही तिची थोरली. धाकट्या आणखी दोघी. मारिन आणि मी एकाच वर्षीच्या, एकाच अंगणात रांगलेल्या. ती बुटकी होती. खांदे रुंद, पुढच्या दातांत फट, गालावर भट्टीची ठिणगी उडून पडलेला डाग. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, तेव्हा ती अशी घोरायची की खालच्या गल्लीतलं गाढव उत्तर द्यायचं. बदकांना हाकलताना ती मिसरी भाषेत ज्या शिव्या द्यायची त्या तिनं नावाड्यांकडून उचललेल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ तिला आईसमोर सांगता आला नसता. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. दुसरं कुणी सांगणार नाही.

त्या वर्षी मिसरचे राजे, दोघे भाऊ, एकमेकांशी भांडत होते आणि त्यांचे शिपाई गावोगाव लोकांच्या घरात उतरवले जात होते. पासिसकाकांच्या वाट्याला घोडदळातला एक सरदार आला. पुढची खोली त्यानं घेतली, घरचे सगळे मागं सरकले. माणूस तसा शांत होता, पण पिऊन आला की त्याचे डोळे मारिनच्या मागं मागं फिरत. काका भट्टीशी असायचे. मावशी तिला एकटी सोडायची नाही.

एका संध्याकाळी मावशी आमच्याकडे आंबवलेलं पीठ मागायला आली आणि आईशी बोलत उभी राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी आपटलं. मारिनचा आवाज आला, मग सरदाराचा, मग एक जड 'ठप्प'. आम्ही धावलो. सरदार जमिनीवर बसून डोकं धरून होता. बाजूला रांजण ठोकायचं लाकडी चोपणं पडलं होतं. मागचं दार उघडं, आणि मारिन नाही.

नदीला पूर आलेला, कालवा काठोकाठ भरलेला. रात्रभर काका आणि आळीतले पुरुष मशाली घेऊन हाका मारत फिरले. सकाळी लव्हाळ्यात तिची ओढणी अडकलेली मिळाली. काठ्यांनी तळ ढवळला. प्रेत मिळालं नाही. सरदारानं डोक्यावर ओली पट्टी बांधून घेतली, न्याहारी मागितली, आणि थोड्या दिवसांनी त्याची तुकडी उत्तरेला निघून गेली. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण?

विचारलं ते मावशीला. तोंडावर नाही, पण कालव्यावर धुणं धुताना, प्रार्थनाघराच्या पायरीवर, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. "बुडालेलं माणूस वर येतं बाई. ही नाही आली." "शिपायाच्या घोड्यावर बसून गेली असेल." मधलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. काकांचे रांजण गावातले लोक घेईनात. मावशी टिचकी मारायची आणि रांजणच तेवढा बोलायचा.

तेव्हा सोस्त्रातोस गुरुजी नुकतेच गावात आले होते. आलेक्झांड्रियात शिकलेले, हडकुळे, डोळ्यांनी अधू. प्रार्थनाघरात शास्त्र वाचून दाखवायला त्यांना ठेवलं होतं. माणूस मनानं फार हळवा. सुतकात ते मावशीच्या घरी येऊन बसले. त्यांनी विचारलं, "कशी होती हो ती?"

मावशीनं सांगितलं. दातांतली फट, घोरणं, बदकं, सगळं. सांगता सांगता ती हसली आणि मग रडली. गुरुजीही रडले. मी तिथंच होते.

पुढच्या वर्षी आम्हा यहुद्यांचा मांडवांचा सण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी प्रार्थनाघरात एक कथा वाचली. कथेतली मारिन खजुराच्या झाडासारखी उंच होती. तिचे डोळे हरिणीचे. परक्या सरदारानं तिला सोनं देऊ केलं, रेशीम देऊ केलं, तिनं मान वळवली. तिनं गोणपाट नेसलं, केसांत राख घातली, अन्नपाणी सोडलं, आणि देवाची लांबच लांब प्रार्थना केली. ती प्रार्थना ऐकताना पुरुषसुद्धा हुंदके देत होते. शेवटी ती स्तोत्र गात पाण्यात उतरली, आणि पाण्यानं तिला अंथरुणासारखं आत घेतलं. सरदार आंधळा झाला.

मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "किती छान लिहिलंय गं."

मी म्हटलं, "मावशी, पण ती..."

"गप," ती म्हणाली. "आज सगळ्या माझ्याकडे सरळ बघत होत्या."

खरंच होतं ते. ज्या बायका कालव्यावर कुजबुजायच्या त्याच पायरीवर तिचे हात डोळ्यांना लावत होत्या. कथेची नक्कल दुसऱ्या गावांत गेली, तिथूनही लोक येऊ लागले. काकांच्या रांजणांना इतकी मागणी आली की दुसरी भट्टी बांधावी लागली. धाकट्या दोघींची लग्नं चांगल्या घरी झाली. दर वर्षी त्या दिवशी वाचन व्हायचं, मग दिवेलागणीला सगळ्या बायका कालव्यावर जायच्या आणि मावशी पहिला दिवा पाण्यात सोडायची. उपवर मुलींना त्यांच्या आया मावशीपुढं बसवायच्या. "हात ठेवा हो हिच्या डोक्यावर. मारिनसारखी निष्कलंक राहू दे."

कथेत आईलाही चार ओळी होत्या. ती आई दारात उभी राहून न रडता लेकीला निरोप देते. अशा बाईला रांजणांवर टिचक्या मारत गिऱ्हाइकाच्या बायकोची थट्टा करता येईना. मावशीचा आवाज हळूहळू खाली आला. विकायचं काम काकांनी एका पोऱ्यावर सोपवलं. मावशी पांढरी ओढणी घेऊन आत बसायला लागली.

काका मात्र, पहिली एकदोन वर्षं सोडली तर, वाचन कधी पुरं ऐकायचे नाहीत. प्रार्थना सुरू झाली की उठायचे, म्हणायचे, "भट्टी बघून येतो." लोक म्हणत, बापाचं काळीज, सहन होत नाही. आम्हीही तेच म्हणायचो.

अशी बरीच वर्षं गेली. माझं लग्न आळीतच झालं, पोरं झाली. एकदा मी आणि मावशी सावलीत मसूर निवडत बसलो होतो. ती एकदम थांबली. दाराकडे बघत म्हणाली, "आली."

"कोण?"

"मारिन. तुला नाही दिसत. मलाही पूर्वी दिसायची नाही."

दारात ऊन होतं, बाकी काही नव्हतं. मी हळूच विचारलं, "कशी आहे?"

"उंच. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून येते. काही खात नाही, पाणीही नको म्हणते. बोलली तर स्तोत्रातलं बोलते. मी तिला म्हणते, बस गं, पाय दुखतील. बसत नाही. उभीच." मावशीनं सुपातला एक खडा उचलून टाकला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "इरीनी, एक सांगू? मला तिची भीती वाटते. माझी लेक आहे, आणि मला भीती वाटते."

"ती मारिन नाही मावशी. आपली मारिन बुटकी होती. आठवा की. दातांत फट होती."

मावशी आठवायला लागली. तिचं कपाळ आक्रसलं. मी बघत होते, ती खरोखर शोधत होती, अंधारात हात फिरवावा तशी. मग तिनं मान हलवली. "तू लहान होतीस तेव्हा," ती म्हणाली. "तुला सगळेच आपल्याएवढे वाटत असतील."

त्यानंतर ते रोजचं झालं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "बस गं. बस ना. किती वेळ उभी राहशील?" उत्तर ऐकू यायचं नाही. पण मी कान लावून थांबायचे, आणि आपण कशासाठी थांबलोय हे लक्षात आलं की उठून भांडी घासायला लागायचे.

भट्टीच्या धुरानं पासिसकाकांची छाती धरली आणि एका हिवाळ्यात ते गेले. त्यानंतरचा मांडवांचा सण उतरला त्या दिवशी मी अंगणातल्या चुलीशी भाकरी भाजत होते. मागून आवाज आला.

"काय गं इरीनी, किती जाड झालीस! दारातून आत कशी जातेस?"

मी वळले. बुटकी बाई. रुंद खांदे, उन्हानं रापलेली, मिसरी बायकांसारखं लुगडं कमरेशी खोचलेलं. हसली तेव्हा दातांतली फट दिसली, शेजारचा एक दातही नव्हता. माझ्या हातातली भाकरी राखेत पडली.

"भूत नाही मी," ती म्हणाली. "हात लाव. नाहीतर ती भाकरी तरी उचल, जळतेय."

मी हात लावला. घामट, गरम, खरखरीत हात होता. मग मी तिच्या गळ्यात पडले. दोघी तिथंच मातीत बसलो आणि किती वेळ रडलो कोण जाणे.

तिनं सांगितलं ते असं. सरदाराच्या डोक्यात चोपणं घालून ती कालव्याकडे पळाली. आपण त्याला मारून टाकलं असंच तिला वाटलं होतं. काठाला रांजण भरलेली एक नाव सुटायच्या बेतात होती. ती पाण्यातून चालत गेली, ओढणी लव्हाळ्यात अडकली ती सोडून दिली, आणि रांजणांच्या मधे शिरून बसली. सकाळी नावाड्यानं तिला पाहिलं. होरोस त्याचं नाव, मिसरी माणूस. त्यानं तिला उतरवलं नाही. पार दक्षिणेला, नदीत काळे खडक लागतात तिथं त्याची बहीण होती, तिच्या घरी नेऊन ठेवलं. पुढं तिनं त्याच्याशीच लग्न केलं.

"आणि इतकी वर्षं एक निरोप नाही?" मी चिडले. "मेले, एक निरोप नाही पाठवता आला?"

मारिननं राखेतली भाकरी उचलून झटकली. मग म्हणाली, "पाठवला होता. तिसऱ्या वर्षी. होरोस स्वतः आला होता भट्टीवर. बाबांना भेटला."

"काका काय म्हणाले?"

"आधी रडले म्हणे. मग म्हणाले, तिला सांग, येऊ नकोस. इथं तू चांगली मेली आहेस." तिनं चुलीतली काटकी उलटी केली. "आता बाबा गेल्याचं नदीवर कळलं, म्हणून आले."

आम्ही भिंतीपलीकडे गेलो. मावशी खोलीत पांढरी ओढणी घेऊन बसली होती. मारिन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई."

मावशीनं वर पाहिलं. "कोण गं बाई तू? हात ठेवून घ्यायला आलीस? वाचन उद्या आहे."

मारिन हसली. "अगं, मी. मारिन."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. नंतर तिच्या डोक्यावरून पलीकडे, चौकटीच्या वरच्या अंगाला पाहिलं, जणू तिथं कुणी उभं होतं आणि तिला विचारून घ्यायचं होतं. "माझी मारिन उंच आहे," ती म्हणाली.

"मावशी, हीच ती!" मी ओरडले. "दात बघा. गाल बघा. मी सांगते ना!"

"तू गप. तू नेहमीच असं म्हणतेस."

मारिनचं हसू विरलं. तिनं खाली बसून आईच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि मला सांगितलं तेच तिलाही सांगितलं. नाव, खडक, होरोस. बाबांचा निरोप सांगितला तेव्हा मावशी ताडकन म्हणाली, "पासिस असं बोलायचा नाही." बाहेर बदकं ओरडत होती. "बोलला असेल," ती म्हणाली. "भट्टी बघायला जायचा. दर वर्षी. थंडगार भट्टी." ती परत मारिनकडे वळली. "पण म्हणून तू ती कशी? मला काही समजत नाही. इरीनी, गुरुजींना बोलाव. त्यांना माहीत आहे ती कशी होती."

मी गुरुजींना घेऊन आले. त्यांना आता माणसं सावल्यांसारखी दिसत. त्यांना बाकावर बसवलं, सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले.

"गुरुजी, सांगा," मावशी म्हणाली. "ही ती आहे का?"

गुरुजी म्हणाले, "बाई, मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. मी आलो तेव्हा ती गेलेली होती."

"मग उंची कुठून आणलीत?" मारिननं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कथेतल्या मुली उंचच असतात," ते म्हणाले. मग आपलंच बोलणं ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला. तो काढून म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलेलं सगळं मी लिहिलं होतं. घोरणं, बदकं. वाचून पाहिलं, तर लोक हसले असते. आणि तुझ्या आईकडे बघून त्या वेळी आधीच फार लोक हसत होते. ते सगळं खोडलं मी."

"आणि मला बुडवलं."

"गावानं तुला शिपायाच्या घोड्यावर बसवलं होतं. त्यापेक्षा पाणी बरं, असं मला वाटलं." ते चाचपडत तिच्याकडे वळले. "उद्या वाचन आहे. तू सांग. वाचू की नको? तू नको म्हण, मी उभा राहून सगळ्यांना सांगेन की ती जिवंत आहे, कथा माझ्या मनची आहे. शप्पथ सांगतो."

मारिननं आईकडे पाहिलं. मावशी दाराच्या चौकटीकडे बघत होती आणि ओठ हलवत होती.

"वाचा," मारिन म्हणाली. "मला ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. मारिन माझ्या शेजारी, मागच्या ओळीत, डोक्यावरून ओढणी घेऊन बसली. तिला कुणी ओळखलं नाही, ओळखणार तरी कसं? ओळखीच्या बायका तिच्या पायांवरून ओलांडून पुढं जात होत्या. गुरुजींना कथा पाठ होती, पण त्या दिवशी त्यांचा आवाज दोनदा अडकला. सोनं आलं, रेशीम आलं. कथेतल्या मुलीनं नुसती मान वळवली तिथं मारिन फुसकन हसली, आणि पुढच्या बाईनं वळून डोळे वटारले. मग प्रार्थना सुरू झाली. मारिनचं हसू थांबलं. तिचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत गेला. पाण्यानं कथेतल्या मुलीला आत घेतलं तेव्हा मारिन ढसाढसा रडत होती.

पुढच्या बाईला आता दया आली. "पहिल्यांदाच ऐकतेस ना? पहिल्यांदा असंच होतं," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं नावही मारिनच ठेवलंय."

बाहेर आल्यावर मारिन मला म्हणाली, "ती चांगली होती गं. मी आई असते तर मलाही तीच हवी असती."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"नाही, खरंच. ती बघ, ती काही मागत नाही, काही खात नाही, नवरा करत नाही. तिच्यापुढं मी काय? दात पडलेली नावाड्याची बायको."

दिवेलागणीला सगळ्या कालव्यावर गेलो. मावशीनं पहिला दिवा सोडायचा आणि कथेतल्या आईच्या ओळी म्हणायच्या, अशी रीत होती. मावशीनं दिवा पाण्यावर ठेवला. ओळी म्हटल्या नाहीत. बायका थांबून राहिल्या. दिवा लव्हाळ्यापर्यंत गेला, तिथं गरगरला, विझला. मावशी पाण्याकडे बघत होती. मग ती वळली आणि गर्दीत मारिनला शोधून तिच्याकडे एकटक बघत राहिली. ओळख नव्हती त्या बघण्यात. पैलतीराला जायला नाव मिळेल का, असं अनोळखी माणसाला विचारताना जसं बघतात तसं ते होतं. कुणीतरी पुढचं स्तोत्र सुरू केलं आणि लोक गायला लागले.

सकाळी मी मारिनला निरोप द्यायला घाटावर गेले. होरोस नावेत उभा होता, डोकं तुळतुळीत, तोंडात कांदा. तिला घेऊन तो सुटायच्या तयारीत असताना वाटेनं मावशी येताना दिसली. काखेत बोचकं. पांढरी ओढणी नव्हती, जुनी काळपट होती, विकायला जाताना घ्यायची तशी.

ती सरळ मारिनपुढं येऊन उभी राहिली.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "मला अजून तू ओळखू येत नाहीस. खोटं कशाला बोलू? रात्रभर आठवलं, आठवत नाही. पण तू कुणाचीतरी लेक आहेस आणि म्हणतेस की माझी आहेस. इथं राहिले तर ती उंच बाई रोज येणार आणि उभी राहणार. मी थकले. तुझ्याबरोबर येते. होईल ओळख."

मारिननं तिच्या काखेतलं बोचकं घेतलं. होरोसनं कांदा गिळला आणि मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला, "सासूबाई, पाय जपून. फळी ओली."

"कुणाची सासूबाई?" मावशी म्हणाली. "अजून ठरायचंय ते." तरी त्याच्या हाताचा आधार घेऊन चढली. मी काठावरून हाक मारली, तिनं हात हलवला. नाव वळणाला गेली तोवर मारिन आईच्या मागं उभी होती आणि मावशी पुढं, पाण्याकडे तोंड करून.

गावात मी खरं काय ते सांगितलं. पहिल्याच दिवशी, कालव्यावर, सगळ्यांसमोर. बायकांनी ऐकून घेतलं. एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शेजारीण होतीस, तुला लागलंय. होतं असं." संध्याकाळपर्यंत गावभर झालं की राखेलिस लेकीच्या मागं पाण्यात गेली. दिवा विझला तो सगळ्यांनी पाहिला होता ना.

गुरुजींना मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गेल्या?" मी म्हटलं, "हो." त्यांनी त्यानंतर ती कथा कधी वाचली नाही. एका वर्षी प्रार्थनाघरात उभे राहून त्यांनी खरं सांगायलाही सुरुवात केली. लोकांनी मान खाली घालून ऐकलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, म्हातारपण आलं, डोळे गेले, आता डोकंही. पुढच्या वर्षापासून दुसरा एक तरुण वाचायला लागला. त्याच्या वाचनात शेवटी आईही स्तोत्र गात पाण्यात उतरते. तीही उंच आहे. आता दिवे दोन सोडतात.

मावशी गेल्याचं मला होरोसकडून कळलं. तो रांजण न्यायला आला होता, म्हातारा झाला होता. अंगणात बसून त्यानं पाणी मागितलं.

"चांगली राहिली," तो म्हणाला. "बाजारात जाऊन माझ्या मडक्यांना टिचक्या मारायची, लोकांना हसवायची. आवाज काय मोठा! माझी बहीण घाबरायची तिला. पोरांना जीव लावला."

"आणि मारिनला ओळखलं?"

होरोसनं मान हलवली. "नाही. शेवटपर्यंत 'बाई' म्हणायची. मला सांगायची, तुझी बायको फार चांगली आहे हो, माझ्या मारिनचं हिच्याशी जमलं असतं. मारिन तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची. काही बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, आई, मी घोरते का गं अजून? तर म्हातारी म्हणाली, फार घोरतेस बाई, भिंती हलतात."

तो पाणी प्याला. मग म्हणाला, "जेवायला बसलं की म्हातारी एक वाडगा जास्तीचा मांडायची. त्या उंच पोरीसाठी. दमून आली असेल म्हणायची, इतक्या लांब चालत आली आपल्या मागं. आम्ही काही बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाचं कशाला मोडायचं?"

"बरोबर केलंत."

"पण आता म्हातारी गेली. वाडगा आता मारिन मांडते." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मी म्हटलं, आता कुणासाठी? तर म्हणाली, हळू बोल, ती दारात उभी आहे."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. मी उठून ते उतरवलं, परत येऊन बसले.

"तुला दिसते का?" मी विचारलं.

होरोस उठला, लुंगी झटकली. "मी नदीवरचा माणूस," तो म्हणाला. "सगळीकडे बघत नाही." आणि तो रांजण मोजायला भट्टीकडे गेला.